हा रुपया कुणाचा

कलाभवनाच्या काचेच्या फलकावर
कंपनीने एकच आकडा टाचला होता: साडेसहा.
माझे पाच पूर्णांक बेचाळीस.
काचेत माझा चेहरा, मागे ध्वनित पंड्याचा,
इस्त्रीच्या कडक कॉलरवर ठेवल्यासारखा.
तो आत गेला.
मी त्याचं हेल्मेट धरून स्टँडवर उभा राहिलो,
कुणीतरी धरायला हवंच होतं.

थर्मोडायनॅमिक्स दोनदा राहिला, मशीन डिझाइन तीनदा.
एटीकेटी हे आईला आधी पदवीचंच नाव वाटलं.
दांडिया बाजारात तिने ते दोघीतिघींना सांगितलंही,
त्यातल्या एकीने पेढे मागितले.

मग रावपुरा. खाली फरसाण, वर कीर्तिभाईंची पेढी,
जिन्यात तळणाचा वास, तो शर्टातून घरी येतो.
दोन पडदे, एक पंखा, आणि सव्वानऊला
भाव बघायला येणारे चार म्हातारे,
जे गेल्या दिवाळीपासून काही घेत नाहीत, विकत नाहीत,
बाजार पडला की नुसतं च्च करतात.
"केटला टका?" असं कीर्तिभाईंनी विचारलंच नाही.
एक जुनी पावती पुढे सरकवली:
चक्रवाढ काढ, तोंडी. आठ टक्के, तीन वर्षं.
काढलं. एका रुपयाने चुकलं.
ते बराच वेळ पावतीकडे बघत राहिले.
"आ रूपियो कोनो?"

हा रुपया कुणाचा.
चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं हे.
तिथे उत्तर चुकलं की माझे मार्क जायचे,
दुसऱ्या कुणाचं काही जातंय
असं वाटलंच नव्हतं कधी.

नऊ हजार पगार. काम: फॉर्म, सह्या, झेरॉक्स,
नवरा गेलेल्या बायकांचे शेअर त्यांच्या नावावर करणं,
आणि नाव कसं लिहिता, हे त्यांना हळू विचारणं.
बाबा म्हणाले, इंजिनियर होऊन पॅनकार्डाच्या झेरॉक्सा?
पुढचा घास त्यांनी न बोलता घेतला.

रात्री मी वार्षिक अहवाल वाचतो.
चकचकीत पानं सोडून, मागची बारीक अक्षरं.
एकदा मकरपुऱ्यातली व्हॉल्व्हची कंपनी निघाली,
जिथे बाबा सव्वीस वर्षं फिटर आहेत.
त्यांचा कोपऱ्यातला लेथ मला माहीत आहे.
घसारा लावून लावून वह्यांत त्याचा एक रुपया उरला असेल;
मी उन्हाळ्यात शिकायला गेलो होतो तेव्हा
तिन्ही पाळ्या चालायचा.
पान एकशे बारावर: नवी यंत्रं, साडेअकरा कोटी, कार्यान्वित.
विजेचा खर्च मात्र गेल्या वर्षीइतकाच.
मी तीनदा पाहिलं.
लोखंड फिरतं तेव्हा काहीतरी जळतंच,
एवढं नापास होऊनही कळलं होतं मला.

सकाळी दाखवलं. कीर्तिभाईंनी कप बशीत ठेवला.
"आ कोणे शिखवाड्युं?"
थर्मोडायनॅमिक्स, म्हटलं. दोनदा.
ते हसले नाहीत.
छापलंय तेवढंच आपलं, म्हणाले. घरी विचारायचं नाही.

हल्ली बाबा साडेपाचलाच येतात.
ओव्हरटाइमचा डबा फडताळात पालथा.
आज त्यांनी पंख्याचं बेअरिंग काढून पेपरवर ठेवलं,
रॉकेलने पुसलं, कानाशी नेऊन फिरवून बघितलं.
चालेल अजून, म्हणाले.
मी शेजारी, मुठीत चार स्क्रू धरून.
निकालाच्या दिवशी त्यांनी मला काही विचारलं नव्हतं.
मीही विचारलं नाही.